पहिल्या मिनिटाचे फ्राईज आणि दहाव्या मिनिटाचे फ्राईज

पार्श्वभूमी

नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत एक छोटं हॉटेल आहे. नाव सांगत नाही, मालकांशी तसंच ठरलंय. एकूण दहा टेबलं, त्यातली सहा बाहेर अंगणात, आंब्याच्या झाडाखाली. सँडविच, बर्गर, पिझ्झा, कोल्ड कॉफी असा नेहमीचा मेनू, पण लोक यायचे ते फ्रेंच फ्राईजसाठी. कॉलेज रोडची पोरं संध्याकाळी, आणि रविवारी सोमेश्वरकडून परत येणारी फॅमिली मंडळी. बाहेरच्या बोर्डवर पहिल्या दिवसापासून लिहिलंय, 'रोज ताजे कापलेले', आणि ते खरं होतं, सकाळी दहाला मागच्या बाजूला बटाटे सोलायला बसलेली दोन माणसं मी स्वतः कितीदा बघितलीत.

माझा संबंध असा की मी आधी अंबड एमआयडीसीत एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत क्वालिटीला होते, आता घरून मसाले करते आणि या हॉटेलला पेरीपेरी मसाला मीच देते. हे आधीच सांगते कारण पुढे त्याचा संबंध येतो. मालकांना मी भाऊ म्हणते, त्यांच्या मिसेसना वहिनी. गल्ल्यावर वहिनी असतात, त्यामुळे गिऱ्हाईक काय बोलतं ते सगळ्यात आधी त्यांना कळतं.

अडचण काय होती

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. मोठी भांडणं वगैरे नाही, पण नेहमीची माणसं बिल देताना म्हणायची, वहिनी, फ्राईज पहिल्यासारखे नाही राहिले. वहिनींनी एक चांगली गोष्ट केली, एका जुन्या डायरीत कोण काय म्हणालं ते तारखेसकट लिहून ठेवलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाऊंनी मला बोलावलं आणि म्हणाले, ताई तुम्ही चाखून सांगा काय बिघडलंय, आणि लगेच पुढचं वाक्य, माझ्या मते पोराचंच काम आहे, बदलून टाकतो त्याला.

पोरगा म्हणजे फ्रायरवरचा मुलगा. सुरगाण्याकडचा, वीस-एकवीसचा, गणपतीत लागलेला. आधीचा माणूस जाऊन हा आला आणि दोन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या, म्हणजे हिशोब सरळ दिसत होता.

मी आधी डायरी वाचायला घेतली. नोव्हेंबरच्या पानांवर होतं 'काळपट', 'कडवट लागले', 'जळके'. डिसेंबरच्या पानांवर होतं 'मऊ', 'लुळे', 'तेल पितायत'. एकाच पदार्थाबद्दल एकाच महिन्याच्या अंतराने अगदी उलट तक्रारी, कारण जळका फ्राय सहसा लुळा नसतो आणि लुळा फ्राय सहसा काळा नसतो. सगळ्यांनी शब्द एकच वापरला होता, 'पहिल्यासारखे नाही', म्हणून भाऊंना वाटलं आजार एक आहे. मला तिथेच वाटलं की दोन आहेत.

मागे स्टोअरमध्ये त्या दिवशी दोन प्रकारच्या गोण्या होत्या. एक कोल्डचा माल, म्हणजे आग्र्याकडचा कोल्ड स्टोरेजमधून निघालेला शेवटचा शेवटचा बटाटा. दुसरा नवा बटाटा, अंगठ्याने घासलं की साल निघणारा. भाऊंना पंचवटीच्या मार्केट यार्डातून अडत्या जो माल देईल तो यायचा, त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि अडत्याने कधी सांगितलं नव्हतं.

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळं प्रकरण इथे आहे. उत्तरेकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि कोंब फुटू नये म्हणून २ ते ४ अंशांवर कोल्डमध्ये जातो, तिथून तो दिवाळीपर्यंत थोडा थोडा बाजारात येत राहतो. साधारण ८ अंशांच्या खाली बटाटा राहिला की त्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. भाजीत ते फक्त किंचित गोडसर लागतं, कुणाला कळतही नाही. पण गरम तेलात ती साखर आणि बटाट्यातली अमिनो आम्लं एकत्र येऊन झपाट्याने तांबूस, मग तपकिरी, मग काळपट रंग येतो, आतला गर शिजायच्या आधीच. वर कडवट, आत कच्चट. याच प्रक्रियेत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायनही तयार होतं, २००२ साली स्वीडनमध्ये ते तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत सापडलं तेव्हापासून जगभरचे फ्राईजवाले रंगाकडे इतकं बारीक बघायला लागलेत. म्हणजे काळपट फ्राय हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाहीये.

नव्या बटाट्याचं उलट. त्यात पाणी जास्त, पीठ कमी. चांगल्या फ्रायला बटाट्यात निदान २० टक्के तरी घन भाग, म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग, लागतो असं धरतात, नाहीतर तळताना पाणी वाफ होऊन निघतं, आत पोकळी राहते, तिथे तेल शिरतं आणि काडी बाहेर काढल्या काढल्या मान टाकते.

मी केमिस्टकडून लघवीतली शुगर तपासायच्या पट्ट्या आणल्या. वेफर्स कंपन्यांत ही जुनी युक्ती आहे, बटाटा अर्धा कापायचा आणि ओल्या भागावर पट्टी दाबायची. कोल्डच्या बटाट्यावर मिनिटभरात पट्टी गडद झाली, नव्यावर जवळजवळ होती तशीच राहिली. पोरगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, ताई, मी शेठना नवरात्रातच बोललो होतो, हा माल टाकला की लगेच काळा पडतो, शेठ म्हणाले आच कमी कर. आच कमी केली की फ्राईज तेल पितात, म्हणजे एक तक्रार जाऊन दुसरी येणार.

समोर असलेले पर्याय

भाऊंसमोर त्या आठवड्यात खरं तर चार-पाच रस्ते होते. पोराला काढायचं हा पहिला, तो मी पट्टी दाखवून निदान पुढे ढकलला. दुसरा, सरळ फ्रोझन घ्यायचे. गुजरातेत मेहसाणा, बनासकांठा भागात फ्राईजचे मोठे कारखाने आहेत, मॅककेनचा मेहसाण्याचा आहेच, तिथला माल नाशकात सहज मिळतो, वर्षभर एकसारखा. सोलायची दोन माणसं वाचतात, पोत्यातला सडका माल वाचतो. भाऊंचा भाचा पुण्यात हॉटेल चालवतो, त्याचं म्हणणं होतं की मामा, आता कोण ताजे कापत बसतं.

तिसरा, बटाटा बदलायचा. खास तळण्यासाठीच्या जाती असतात, सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या कुफरी चिप्सोना, कुफरी फ्रायसोना वगैरे, पण नाशिकच्या भाजी बाजारात त्या नावाने मागितलं तर कुणी देत नाही, तिथे बटाटा इंदूर, आग्रा, तळेगाव अशा गावाच्या नावाने चालतो. ओळखीच्या एका वेफर्सवाल्यांकडून 'वेफर्सचा बटाटा' मिळू शकत होता, भाव किलोमागे बराच वर.

चौथा, बटाटा तोच पण पद्धत सुधारायची. आणि पाचवा वहिनींचा, माल चांगला येईपर्यंत दोन महिने फ्राईज मेनूतून काढूनच टाकायचे. हा सगळ्यात प्रामाणिक होता असं मला आजही वाटतं, पण डिसेंबर हा त्यांचा कमाईचा महिना, भाऊंना ते परवडणारं नव्हतं आणि मी जोर धरला नाही.

ठरलं असं की आधी जजिंग करू, सगळे प्रकार समोरासमोर चाखू, मग ठरवू.

पहिलं जजिंग, जे वाया गेलं

बुधवारी दुपारी साडेतीनला, गर्दी नसताना, किचनला लागून असलेल्या आतल्या टेबलावर बसलो. सात जण. कॉलेजची दोन पोरं, रोज कोल्ड कॉफीला येणारे बँकेतून रिटायर झालेले एक काका, समोरच्या बिल्डिंगमधल्या एक ताई, भाऊ, वहिनी आणि मी. तीन प्लेट, प्रत्येक प्लेटपुढे चिठ्ठी: आपले, फ्रोझन, वेफर्सचा बटाटा. शेजारी सॉस, मेयो आणि माझाच पेरीपेरी मसाला.

किती चुका होत्या ते तेव्हाच दिसायला हवं होतं मला. चिठ्ठ्या वाचूनच काका म्हणाले, घरचं ते घरचं. भाऊ समोर उभे, त्यांच्या तोंडावर 'तुमचे बरे नाहीत' असं कोण म्हणणार. पोरांनी पहिल्या घासापासून सॉसमध्ये बुडवून खाल्लं, आणि सॉसला आंबट-गोड चव इतकी असते की खालचा बटाटा कोणता ते ओळखूच येत नाही. पेरीपेरी तर त्याहून वाईट, तिखट, लसूण, मीठ, थोडी साखर, मी स्वतः बनवते म्हणून सांगते की हा मसाला कडवटपणा झाकतो. तक्रारी सुरू झाल्यापासून हॉटेलात पेरीपेरीची मागणी वाढली होती, माझी ऑर्डर वाढली म्हणून मला बरं वाटलं होतं, त्यामागचं कारण त्या दुपारी कळलं.

तिन्ही प्लेट एकदम आल्या, आम्ही पहिली संपवून तिसरीवर येईपर्यंत तिसरी गार झाली होती. सगळ्यांनी दहापैकी मार्क दिले आणि सगळ्यांना साधारण सात पडले.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता. भाऊ खूश होते, म्हणाले, बघा ताई, फरकच नाही, म्हणजे आपलेच चांगले, तेल रोज बदलू आणि विषय संपवू. मी म्हटलं, भाऊ, ही परीक्षा आपण स्वतःच पेपर फोडून घेतलीय, अजून एकदा माझ्या पद्धतीने करू द्या. ते नाराज झाले थोडे. वहिनी म्हणाल्या, होऊ द्या, डायरी काय खोटी आहे का, आणि त्या एका वाक्याने काम झालं.

मध्ये तेलाचा एक प्रश्न

भाऊंच्या मनातून तेल जात नव्हतं म्हणून आधी ते मिटवलं. आपल्याकडे नियम आहे की तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाऊंड्स, म्हणजे तेल परत परत तापून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, १ जुलै २०१८ पासून तो लागू केलाय. जुन्या कंपनीतून मीटर आणला, यांचं तेल त्याच्या बरंच खाली होतं.

तरी खात्री म्हणून तीन-तीन प्लेटांची चाचणी केली. एकच बटाटा, एकच पद्धत, दोन प्लेट आदल्या दिवशीच्या तेलातल्या आणि एक ताज्या तेलातली, किंवा उलट, आणि सहा जणांनी फक्त वेगळी कोणती ते ओळखायचं. डोळे झाकून अंदाज ठोकला तरी तिघांत एक बरोबर येतोच, म्हणजे सहापैकी दोन. आमचेही दोनच बरोबर आले. तेल गुन्हेगार नव्हतं. अगदी कोरं तेल उलट फिकट तळतं, थोडं वापरलेलं तेल जास्त छान रंग देतं, हे भज्यांच्या गाडीवाल्याला कुठलंही पुस्तक न वाचता माहिती असतं.

दुसरं जजिंग

जानेवारीचा पहिला शनिवार, संध्याकाळी सात, बाहेरच्या अंगणातल्या टेबलावर. मुद्दाम बाहेर, कारण साठ टक्के टेबलं बाहेर आहेत, आणि जानेवारीत नाशकात सातला काय गारवा असतो ते इथल्यांना सांगायला नको, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो तेच दिवस. उबदार किचनशेजारी बसून बाहेरच्या गिऱ्हाइकाचे फ्राईज कसे कळणार.

चार नमुने: आहे तसाच नवा बटाटा जुन्या पद्धतीने, तोच नवा बटाटा सुधारलेल्या पद्धतीने, वेफर्सचा बटाटा सुधारलेल्या पद्धतीने, आणि फ्रोझन. प्लेटवर फक्त तीन आकडी नंबर, कुठला नंबर कशाचा ते फक्त पोराला माहीत. भाऊंना पॅनेलमधून बाहेर ठेवलं, त्यांनी गल्ला सांभाळायचा. सॉस नाही, मसाला नाही, मीठ वजन करून, १०० ग्रॅमला १ ग्रॅम, तळून काढल्यावर भांड्यात टाकून, फ्रायरवर धरून नाही कारण मीठ तेलात पडलं की तेल लवकर खराब होतं. मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. एका वेळी एकच नमुना, प्रत्येकाला क्रम वेगळा.

सुधारलेली पद्धत म्हणजे काय तर काही नवीन नाही. बोटाएवढ्या जाडीचे कापायचे, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचे, मग गरम पण न उकळणाऱ्या पाण्यात दहा मिनिटं, त्याने वरवरची साखर निघून जाते. फडक्यावर अगदी कोरडे. पहिलं तळण १५० ते १६० अंशांवर, रंग न येता नुसतं आत शिजेपर्यंत. काढून पसरून गार. ऑर्डर आली की दुसरं तळण १८० च्या आसपास, दोन-तीन मिनिटं. बेल्जियममध्ये पिढ्यान्‌पिढ्या असेच दोनदा तळतात. हे करताना अजून एक गोष्ट सापडली, फ्रायरचा काटा १८० दाखवत होता तेव्हा तेलात घातलेला थर्मामीटर १५८ दाखवत होता, आणि पोरगा घाईत बास्केट गच्च भरत होता त्यामुळे टाकल्या टाकल्या तेल अजून खाली जायचं. बास्केट अर्धीच भरायची हा नियम तिथेच लागला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक नमुना तीनदा चाखायचा: काढल्यावर पहिल्या मिनिटाला, पाचव्याला आणि दहाव्याला.

हे दहाव्या मिनिटाचं मी का धरून बसले होते? कारण फ्राईज कुणी एका मिनिटात खात नाही. पोरं गप्पा मारत वीस मिनिटं एक प्लेट पुरवतात. आई लेकराला भरवून मग स्वतः दोन काड्या खाते, तोवर प्लेट गार. आपण जज म्हणून पहिला गरम घास घेतो आणि निकाल देतो, आणि त्या घासाला तर जवळजवळ कुठलाही तळलेला बटाटा चांगलाच लागतो.

एक काडी टोकाला धरून आडवी करायची, ही माझी पहिली परीक्षा. पहिल्या मिनिटाला चारही ताठ. वेफर्सच्या बटाट्याची काडी मोडली तर बाहेर कागदासारखं पातळ कवच, कट्‌ असा आवाज, आणि आत उकडलेल्या बटाट्यासारखा भुसभुशीत गर, त्यातून वाफ. काकांनी नंबर न विचारता दुसरी काडी उचलली. पाचव्या मिनिटाला जुन्या पद्धतीचा नवा बटाटा अर्ध्यातून वाकला. दहाव्या मिनिटाला तो रुमालासारखा लोंबत होता आणि बोटांना तेल लागलं होतं. फ्रोझन दहाव्या मिनिटालाही बऱ्यापैकी ताठ, चव मात्र पुठ्ठ्याकडे झुकलेली, बऱ्याच फ्रोझन फ्राईजना कारखान्यातच स्टार्चचा पातळ थर दिलेला असतो म्हणून ते टिकतात. वेफर्सचा बटाटा थोडा सैल पडला होता पण बटाट्याची चव होती. सुधारलेल्या पद्धतीचा नवा बटाटा मध्ये कुठेतरी, पहिल्या मिनिटाला खूप छान, दहाव्याला जेमतेम.

नंबर उघडल्यावर पहिल्या मिनिटाला वेफर्सचा बटाटा पुढे, दहाव्या मिनिटाला फ्रोझन पुढे. सहापैकी चौघांचा पहिला नंबर वेळेप्रमाणे बदलला होता. म्हणजे 'कुठले चांगले' या प्रश्नाला उत्तरच नव्हतं, 'कधी खाणार' हे विचारल्याशिवाय.

मग गिऱ्हाईक कितव्या मिनिटाला खातं

दुसऱ्या दिवशी रविवारी मी फोनवर स्टॉपवॉच लावून किचनच्या खिडकीजवळ बसले. ऑर्डरची चिठ्ठी आत गेली की सगळे एकदम कामाला लागतात. फ्राईज तीन-चार मिनिटांत तयार, ग्रिल सँडविचला मात्र बारा मिनिटं, आणि वेटर सगळं एकत्रच नेणार. मधला वेळ फ्राईज काउंटरवर. गार होऊ नयेत म्हणून पोरगा त्यावर स्टीलची प्लेट उपडी घालायचा, आधीच्या माणसाने तसंच शिकवलेलं. मी ती प्लेट उचलून बघितली, आतून सगळी थेंबाथेंबांनी भरलेली, एक थेंब माझ्यासमोर खालच्या फ्राईजवर पडला. फ्राईजमधून निघालेली वाफ परत फ्राईजवरच. गिऱ्हाइकाचा पहिला मिनिट हा खरं तर नववा-दहावा मिनिट होता, तोही वाफवलेला.

हे आधीच्या माणसाच्या वेळीही होतच असणार. तेव्हा बटाटा बरा होता म्हणून खपून गेलं.

काय ठरलं आणि काय केलं

त्या रात्री शटर अर्धं ओढून भाऊ, वहिनी, पोरगा आणि मी बसलो. पोराला बसवून घेण्याचा आग्रह वहिनींचा.

भाऊ आता फ्रोझनकडे झुकले होते, दहाव्या मिनिटाचा निकाल बघून. हिशोबानेही ते चूक नव्हते. वहिनी म्हणाल्या, मग बोर्ड पुसायचा. भाऊ म्हणाले, बोर्ड कोण वाचतं. वहिनी म्हणाल्या, मी वाचते रोज शटर उघडताना. यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. माझं मत असं पडलं की काउंटरवरची आठ मिनिटं वाचवली तर ताजा फ्राय जिंकतो, आणि ती आठ मिनिटं वाचवायला एक रुपया लागत नाही. पार्सलला मात्र फ्रोझनच, कारण इंदिरानगर, पाथर्डी फाट्यापर्यंत डब्यात बंद होऊन जाणारा ताजा फ्राय कुठल्याच पद्धतीने टिकणार नाही.

तसंच ठरलं. टेबलवर ताजे, पार्सलला फ्रोझन, आणि मेनू कार्डावर तसं स्पष्ट लिहायचं. डब्याला भोकं पाडायची. फ्राईज सँडविच ग्रिलवरून उतरायच्या तीन मिनिटं आधीच तेलात सोडायचे, झाकण घालणं बंद, वरून प्लेट नाही. गिऱ्हाइकाला आधी हवे असतील तर आधी न्यायचे, सगळं एकत्र नेण्याचा हट्ट नाही. बटाटा शक्यतो वेफर्सवाल्यांकडून, नाही मिळाला तर बाजारातला पण तपासून.

तपासणी सोपी ठेवली. एका बादलीत अकरा वाट्या पाण्याला एक वाटी मीठ, त्यात बटाटा सोडायचा. पिठूळ, घन बटाटा बुडतो, पाणचट तरंगतो. साखरेसाठी पट्टी. आणि प्रत्येक गोणीतले दोन बटाटे कापून तळून बघायचे, गोणी उतरवून घेण्याआधी.

पोराला काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. भाऊंनी त्याला माफी वगैरे मागितली नाही, पण बादलीची जबाबदारी त्याला दिली आणि अडत्याला फोन करून सांगितलं, माल आमचा मुलगा बघून घेईल.

पुढे काय झालं

फेब्रुवारीच्या डायरीत फ्राईजबद्दल दोनच नोंदी आहेत. एक 'मीठ कमी', दुसरी 'परत तसेच झाले, छान'. पेरीपेरीची ऑर्डर कमी झाली माझी, आणि मेनूवर 'पार्सलचे फ्राईज फ्रोझन असतात' हे वाचून कुणी भांडायला आलं नाही, दोघा-तिघांनी विचारलं फक्त.

सगळंच सुरळीत झालं असंही नाही. वेफर्सचा बटाटा एप्रिलपर्यंत नीट मिळाला, मग ते वेफर्सवाले स्वतःचीच गरज भागवायला लागले. जुलैत परत कोल्डचा माल, परत पट्टी गडद. यावर उपाय म्हणजे गोण्या दोन-तीन आठवडे साध्या तापमानाला ठेवायच्या, साखर बरीच खाली येते. जिन्याखाली चार गोण्या ठेवल्या, पण आपल्याकडचा पावसाळ्यातला दमटपणा, त्यातल्या एका गोणीतला अर्धा माल सडला आणि वास दुकानभर. नंतर पॅलेटवर, पंखा लावून, दोन-दोनच गोण्या असं सुरू केलं. त्या दिवसांत तीन वेळा बोर्डवर खडूने लिहिलं गेलं, 'आज फ्राईज नाहीत'. म्हणजे वहिनींचा पाचवा पर्याय शेवटी आलाच, दोन महिन्यांऐवजी तीन दिवस.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून झालेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोराला सगळ्यात शेवटी विचारलं. काळं पडतंय हे त्याला नवरात्रात माहीत होतं, झाकणाचं पाणी त्याने रोज पुसलं होतं. तीन आठवड्यांचं माझं काम त्याच्याशी अर्धा तास बोलून निम्मं झालं असतं. जजिंगलाही तो फक्त तळायला होता, चाखायला नाही, आणि रोज चारशे काड्या बघणाऱ्या माणसाचं मत आमच्या सहा जणांपेक्षा कमी कसं असेल.

दुसरं, पॅनेलवर एकही लहान मूल नव्हतं. त्या हॉटेलात रविवारी फ्राईज मागवणारं गिराईक निम्मं लहानच असतं, आणि लहान मुलं बारीक, जास्त कडक काड्या आधी उचलतात हे मी नंतर टेबलांकडे बघून शिकले. जाडी तेव्हाच थोडी कमी केली असती.

तिसरं, आम्ही एकदम सगळंच बदललं. बटाटा, दोनदा तळणं, अर्धी बास्केट, झाकण, सोडायची वेळ. त्यामुळे नेमका किती फरक कशाने पडला ते मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. माझा अंदाज आहे की झाकण आणि वेळ यांनीच निम्मं काम केलं, पण तो अंदाज आहे. आधी एक आठवडा फक्त झाकण काढून बघायला हवं होतं, फुकट होतं ते. आणि पहिल्या जजिंगमध्ये माझाच मसाला टेबलावर ठेवायला नको होता, मी मसाला विकणारी म्हणून तरी मलाच ते आधी सुचायला पाहिजे होतं.

परवा मी मसाला द्यायला गेले तेव्हा टेम्पोतून गोण्या उतरत होत्या. पोराने वरच्या गोणीतून चार बटाटे काढून बादलीत टाकले, तीन तरंगले. टेम्पोवाला म्हणाला, अरे सगळ्या नाशकात हाच माल चाललाय. पोरगा म्हणाला, चालू द्या, आम्हाला दोनच गोण्या द्या, भाजीला होतील, फ्राईजला उद्या बघतो. भाऊ गल्ल्यावर होते, त्यांनी मान वर करून बघितलं आणि परत पैसे मोजायला लागले.